आफ्रिनिक संचालक मंडळ

आफ्रिनिक संचालक मंडळ हे आफ्रिका खंडातील इंटरनेट पत्त्यांचे वाटप करणाऱ्या व त्यांची नोंद ठेवणाऱ्या आफ्रिनिक या संस्थेचे सर्वोच्च मंडळ आहे. संस्थेचे पूर्ण नाव आफ्रिकन नेटवर्क इन्फॉर्मेशन सेंटर असे असून तिचे मुख्यालय मॉरिशसमधील एबेन या शहरात आहे. मंडळात एकूण ९ जागा आहेत. त्यांपैकी ८ जागांवरील संचालक संस्थेचे सदस्य मतदानाने निवडतात आणि नववी जागा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे पदसिद्ध असते. दूरसंचार अभियंते, इंटरनेट सेवा पुरवठादार कंपन्यांचे तंत्रज्ञ, विद्यापीठांच्या संगणक जाळ्यांचे व्यवस्थापक अशा पार्श्वभूमीच्या व्यक्ती प्रामुख्याने या जागांसाठी उमेदवारी करतात.

दीर्घ काळ या मंडळाची निवडणूक हा तंत्रज्ञांच्या छोट्या वर्तुळापुरता विषय होता. २०२२मध्ये मंडळाची गणपूर्ती संपली आणि पुढील सुमारे तीन वर्षे संस्थेला विधिवत संचालक मंडळ राहिले नाही. तेव्हापासून या जागांकडे जगभरच्या इंटरनेट व्यवस्थापनाचे लक्ष वेधले गेले. २०२५च्या सप्टेंबर महिन्यात न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरच्या देखरेखीखाली आठही जागांची निवडणूक झाली.

पार्श्वभूमी

इंटरनेटशी जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला माहितीची देवाणघेवाण करण्यासाठी आयपी पत्ता लागतो. एकच पत्ता दोन ठिकाणी दिला गेला तर माहिती नेमकी कोठे पोहोचवायची याचा घोटाळा होतो. त्यामुळे कोणता पत्ता कोणाच्या नावे आहे, याची एक विश्वसनीय नोंदवही असणे आवश्यक ठरते. जमिनीच्या व्यवहारात सातबारा उताऱ्याचे जे स्थान आहे, तसेच काहीसे स्थान इंटरनेटच्या व्यवहारात या नोंदवहीचे आहे. फरक इतकाच की सातबाऱ्यामागे शासनाचा महसूल कायदा उभा असतो. आयपी पत्त्यांच्या नोंदीमागे मुख्यतः सदस्यांनी केलेला करार आणि परस्परांचा विश्वास असतो.

पत्त्यांचा मूळ साठा आयाना या जागतिक यंत्रणेकडे असतो. तेथून तो ५ क्षेत्रीय इंटरनेट नोंदणी संस्थांना दिला जातो. युरोप, मध्यपूर्व व मध्य आशियासाठी राइप एनसीसी, आशिया व प्रशांत महासागर क्षेत्रासाठी एपनिक, उत्तर अमेरिकेसाठी एरिन, लॅटिन अमेरिका व कॅरिबियन क्षेत्रासाठी लॅकनिक आणि आफ्रिकेसाठी आफ्रिनिक अशी ही विभागणी आहे. या संस्था सेवा पुरवठादार कंपन्या, बँका, विद्यापीठे, शासकीय खाती इत्यादींना पत्ते व स्वायत्त प्रणाली क्रमांक देतात. त्या कोणत्याही देशाच्या सरकारच्या अंगभूत शाखा नाहीत. सदस्यांच्या वार्षिक शुल्कावर चालणाऱ्या, नफा न कमावणाऱ्या संस्था असे त्यांचे स्वरूप आहे.

क्षेत्रीय नोंदणी संस्थेचे काम चार-दोन दिवस थांबले तरी सामान्य वापरकर्त्याचे इंटरनेट लगेच बंद पडत नाही. मात्र नव्या कंपनीला पत्ते मिळणे, हस्तांतराची नोंद होणे, पत्त्यावरून यजमान संगणकाचे नाव शोधण्याची सोय चालू राहणे आणि मार्गनिर्देशनाच्या सुरक्षिततेसाठी दिली जाणारी डिजिटल प्रमाणपत्रे वैध राहणे ही कामे तिच्यावर अवलंबून असतात. नोंदवही दीर्घ काळ बिनभरवशाची झाली, तर पत्ता नेमका कोणाचा, या प्रश्नावर वाद निर्माण होतात आणि त्याची झळ अखेरीस वापरकर्त्यांपर्यंत पोहोचते.

स्थापना

आफ्रिनिक अस्तित्वात येण्यापूर्वी आफ्रिकेतील पत्त्यांचे वाटप खंडाबाहेरून होत असे. उत्तर आफ्रिकेतील देशांची गरज प्रामुख्याने राइप एनसीसी भागवत असे, तर दक्षिणेकडील देश एरिनवर अवलंबून होते. अर्जाची भाषा, शुल्क, कार्यालयीन वेळा आणि गरज सिद्ध करण्याचे निकष हे सर्व दूरच्या परिस्थितीवर बेतलेले असल्याने आफ्रिकेतील छोट्या पुरवठादारांची गैरसोय होई. खंडाची स्वतःची नोंदणी संस्था असावी, हा विचार १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढे आला.

या प्रयत्नांत घानाचे संगणकशास्त्रज्ञ नी क्वेनॉर यांचे स्थान अग्रभागी आहे. पश्चिम आफ्रिकेत इंटरनेट आणण्याच्या कार्यात त्यांचा मोठा वाटा होता. आफ्रिनिकचे संस्थापक अध्यक्ष म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. २००७ साली त्यांना जोनाथन पोस्टेल पुरस्कार मिळाला आणि २०१३ साली इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. टोगोचे अभियंते आदिएल अकप्लोगान हे संस्थेचे पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. ते २०१५पर्यंत त्या पदावर होते.

संस्थेची नोंदणी २००४मध्ये मॉरिशसच्या कंपनी कायद्याखाली झाली. आयकॅन या जागतिक संस्थेने तिला एप्रिल २००५मध्ये पूर्ण मान्यता दिली. कामकाजाची जबाबदारी खंडभर विभागण्याचा विचार प्रारंभापासूनच होता. त्यानुसार प्रशासकीय मुख्यालय मॉरिशसमध्ये, तांत्रिक यंत्रणा दक्षिण आफ्रिकेत, आपत्कालीन पर्यायी यंत्रणा इजिप्तमध्ये आणि प्रशिक्षणाचे समन्वयन घानामध्ये, अशी योजना करण्यात आली.

मॉरिशसमध्ये नोंदणी करण्याच्या निर्णयाचा दूरगामी परिणाम पुढे दिसून आला. संस्था साऱ्या खंडाची असली, तरी कायद्याच्या दृष्टीने ती मॉरिशसमधील एक खासगी कंपनी होती. तिच्यावरील दावे तेथील न्यायालयांत चालणार होते आणि तिच्या संचालकांची कर्तव्ये तेथील कंपनी कायद्याने ठरणार होती.

रचना

मंडळातील ८ निर्वाचित जागांपैकी ६ जागा उपप्रदेशांसाठी राखून ठेवलेल्या आहेत:

• उत्तर आफ्रिका
• पश्चिम आफ्रिका
• हिंदी महासागरातील बेटे
• मध्य आफ्रिका
• दक्षिण आफ्रिका उपप्रदेश
• पूर्व आफ्रिका

उरलेल्या २ जागा कोणत्याही भौगोलिक विभागाशी बांधलेल्या नाहीत. या विभागणीमागे खंडाची विविधता लक्षात घेण्याचा हेतू आहे. उत्तरेकडे अरबी, पश्चिमेच्या व मध्य भागाच्या अनेक देशांत फ्रेंच, अंगोला व मोझांबिकमध्ये पोर्तुगीज, तर पूर्वेला व दक्षिणेला बऱ्याच ठिकाणी इंग्लिश ही व्यवहाराची भाषा आहे. केवळ सदस्यसंख्येच्या बळावर निवडणूक झाल्यास दक्षिण आफ्रिका, नायजेरिया, केनिया यांसारख्या मोठ्या बाजारपेठांचे वर्चस्व राहील आणि मादागास्कर किंवा चाड यांसारख्या देशांतील तंत्रज्ञांना संधी मिळणार नाही, अशी शंका होती. राखीव जागांनी तिचे काही अंशी निराकरण झाले.

संचालकाची मुदत ३ वर्षांची असते. सर्व जागा एकाच वेळी रिकाम्या होऊ नयेत, यासाठी त्या टप्प्याटप्प्याने भरण्याची पद्धत आहे. एखादा संचालक पूर्व आफ्रिकेच्या जागेवर निवडून आला असला, तरी निवडीनंतर त्याने केवळ त्या विभागाचा किंवा आपल्या मालक कंपनीचा कैवार घ्यावा, असे कायद्याला अभिप्रेत नाही. कंपनी कायद्यानुसार त्याचे कर्तव्य संपूर्ण संस्थेप्रती असते.

निवडणूक प्रक्रिया

सामान्य परिस्थितीत निवडणूक सदस्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभेशी जोडलेली असते. तिचे टप्पे स्थूलमानाने पुढीलप्रमाणे आहेत.

प्रथम रिक्त होणाऱ्या जागा जाहीर करून नामनिर्देशने मागवली जातात. नामनिर्देशन समिती अर्जांची छाननी करते. उमेदवार संबंधित उपप्रदेशाच्या अटीत बसतो का, त्याला संचालक होण्यास कायदेशीर अडथळा आहे का, हे ती पाहते. पात्र उमेदवारांची नावे, शिक्षण, अनुभव आणि उमेदवारीमागची भूमिका प्रसिद्ध केली जाते. त्यावर सदस्यांना व इतर जाणकारांना जाहीरपणे मत नोंदवता येते. एखाद्या अभियंत्याने आपल्या देशात वाहतूक विनिमय केंद्र उभारण्यास कशी मदत केली, तरुणांना कसे शिकवले, यांची साक्ष त्याचे सहकारी या टप्प्यावर देतात. आक्षेप असल्यास तेही येथेच मांडले जातात.

मतदानाचा हक्क प्रामुख्याने पत्ते धारण करणाऱ्या सदस्य संस्थांना असतो. सदस्य मोठी मोबाइल कंपनी असो वा एका शहरापुरता पुरवठादार, प्रत्येक रिक्त जागेसाठी त्याला एकच मत असते. मतदान इंटरनेटवरून करता येते. स्वतः उपस्थित राहू न शकणाऱ्या सदस्याला प्रतिनिधी नेमण्याची मुभाही असते. सदस्य ही व्यक्ती नसून संस्था असल्यामुळे तिच्या वतीने नेमके कोणी मत द्यायचे, त्या माणसाकडे तसा अधिकार आहे का, हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत उपस्थित होतो. २०२५मध्ये याच प्रश्नावर एक संपूर्ण निवडणूक रद्द झाली.

दूरसंचार अभियंत्यांची उमेदवारी

उमेदवारांत दूरसंचार अभियंत्यांचे प्रमाण लक्षणीय असण्यामागे आफ्रिकेतील इंटरनेटचा इतिहास आहे. १९९०च्या दशकात अनेक देशांत दूरध्वनी सेवा सरकारी मक्तेदारीत होती. इंटरनेटची पहिली जोडणी बहुधा विद्यापीठातील एखादा प्राध्यापक, सरकारी दूरसंचार खात्यातील अभियंता किंवा नव्याने कंपनी काढलेला तंत्रज्ञ यांच्या खटपटीतून उभी राहिली. उपग्रहाची महागडी जोडणी, अनियमित वीज आणि परवान्यांचे अडथळे यांतून मार्ग काढणारी ही पिढी पुढे परस्परांशी जोडली गेली. २०००मध्ये आफनॉग हा आफ्रिकेतील जाळे चालकांचा गट स्थापन झाला. त्याच्या कार्यशाळांत प्रशिक्षण घेतलेले अनेक तंत्रज्ञ पुढे आफ्रिनिकच्या कामात आले.

या पिढीच्या अनुभवाचे उदाहरण म्हणून केनियातील इंटरनेट विनिमय केंद्राचा उल्लेख करता येतो. स्थानिक पुरवठादारांची आपापसातील वाहतूक देशाबाहेर न जाता देशातच फिरावी, यासाठी नैरोबी येथे २०००च्या अखेरीस हे केंद्र सुरू झाले. आपल्या मक्तेदारीचा भंग होतो, अशी तक्रार सरकारी दूरध्वनी कंपनीने केल्यामुळे ते अल्पावधीतच बंद करावे लागले. परवान्याचा तिढा सोडवून २००२मध्ये ते पुन्हा चालू झाले. तंत्रज्ञानाचा प्रश्न सोडवणे पुरेसे नसून त्याभोवतीचे कायदे आणि संस्थाही उभाराव्या लागतात, हा धडा अशा प्रसंगांतून अभियंत्यांना मिळाला. २००९मध्ये सीकॉम आणि २०१०मध्ये ईसी या सागरी तारा पूर्व किनाऱ्याला पोहोचल्यावर जोडणी स्वस्त व वेगवान झाली. परिणामी पत्त्यांची मागणीही वाढली.

संचालकपदासाठी उभा राहणारा अभियंता सर्वसाधारणपणे असाच अनुभव पुढे ठेवतो: दूरसंचार कंपनीतील सेवा, जाळ्यांची उभारणी, आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या पत्त्यांचा प्रसार, प्रशिक्षणवर्ग, राष्ट्रीय नावनोंदणी किंवा नियामक मंडळातील काम. नोंदवहीचे तांत्रिक अंग अशा व्यक्तीला उत्तम समजते. मंडळाचे काम मात्र यंत्रणा चालवण्याचे नसते. ते कर्मचाऱ्यांचे काम आहे. अंदाजपत्रक संमत करणे, हिशेबतपासणीचा अहवाल समजून घेणे, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची नेमणूक करणे, दाव्यांबाबत वकिलांचा सल्ला तोलणे आणि हितसंबंधांचा संघर्ष उघड करणे ही संचालकाची कर्तव्ये आहेत. उमेदवार स्वतः बहुधा एखाद्या सदस्य कंपनीत नोकरीला असतो. ज्या संस्थेकडून आपली कंपनी पत्ते घेते, त्याच संस्थेच्या मंडळावर बसताना दोन्ही भूमिका वेगळ्या ठेवाव्या लागतात. आफ्रिनिकच्या पेचप्रसंगानंतर उमेदवारांच्या तांत्रिक कौशल्याइतकाच कायदा व वित्त यांच्या जाणिवेवर भर दिला जाऊ लागला.

कार्ये आणि अधिकारांच्या मर्यादा

पत्ते कोणत्या नियमाने वाटायचे, हे मंडळ स्वतः ठरवत नाही. धोरणाचा मसुदा कोणीही मांडू शकतो. त्यासाठी सदस्य असण्याची अट नाही. खुल्या चर्चेत स्थूल एकमत झाल्यास तो मंडळापुढे येतो. योग्य प्रक्रिया पाळली गेली का, हे पाहून मंडळ त्याला संमती देते. म्हणजे धोरणाचा आशय समुदायाचा, तर संमतीची मोहोर मंडळाची, अशी कामाची वाटणी आहे.

या वाटणीमुळे मंडळाचे अधिकार मर्यादित दिसतात. परंतु मंडळच नसेल, तर समुदायाने एकमताने केलेले धोरणही अमलात येऊ शकत नाही. तसेच मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची मुदत संपल्यास नवा अधिकारी नेमण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाकडे नसतो.

पत्त्यांची टंचाई आणि वाद

आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीत एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्तेच शक्य आहेत. ३ फेब्रुवारी २०११ रोजी आयानाकडील साठ्याचे शेवटचे ५ मोठे गट पाच संस्थांना प्रत्येकी एक याप्रमाणे देण्यात आले. अशा एका गटात १,६७,७७,२१६ पत्ते असतात. इतर खंडांतील साठे क्रमाक्रमाने संपत गेले. आफ्रिकेत इंटरनेटचा प्रसार उशिरा झाल्याने आफ्रिनिककडे वाटपयोग्य पत्ते अधिक काळ शिल्लक राहिले. २०१७मध्ये संस्थेने काटकसरीचा पहिला टप्पा जाहीर केला. २०२०मध्ये दुसरा टप्पा सुरू झाला. त्यानुसार एका वेळी कमाल १,०२४ पत्ते देण्याची मर्यादा आली.

दरम्यान जगात आयपीव्ही४ पत्त्यांचा बाजार उभा राहिला होता. आफ्रिनिक पत्ते विकत नाही. गरज दाखवणाऱ्या सदस्याला ती शुल्क आकारून देते. पण अन्यत्र त्याच पत्त्याला मोठी किंमत येत होती. २०२१च्या सुमारास एका पत्त्याचा भाव अनेक व्यवहारांत ३० डॉलरच्या वर गेला. या तफावतीमुळे नोंदवहीतील एका ओळीलाही आर्थिक मोल आले आणि त्या नोंदवहीवर देखरेख करणाऱ्या मंडळाची जबाबदारी वाढली.

२०१९मध्ये पत्त्यांच्या अपहाराचे प्रकरण उघडकीस आले. खंडातील काही जुन्या व निष्क्रिय संस्थांच्या नावावरील, तसेच आफ्रिनिकच्या स्वतःच्या साठ्यातील पत्ते परस्पर अन्यत्र वळवल्याचे आरोप झाले. संस्थेने केलेल्या अंतर्गत तपासणीत सुमारे ४१ लाख पत्त्यांच्या नोंदी संशयास्पद आढळल्या. संस्थेने मॉरिशसच्या पोलिसांकडे तक्रार केली आणि काही पत्ते परत मिळवण्याची कारवाई सुरू केली.

यापेक्षा दीर्घ काळ चाललेला वाद क्लाउड इनोव्हेशन या सेशेल्समध्ये नोंदणी असलेल्या कंपनीशी होता. २०१३ ते २०१६ या काळात तिला सुमारे ६२ लाख पत्ते मिळाले होते. अर्जात सांगितलेल्या गरजेनुसार त्यांचा वापर होत नसून ते मोठ्या प्रमाणावर आफ्रिकेबाहेर वापरले जातात, अशी आफ्रिनिकची भूमिका होती. पत्ते खंडाबाहेर वापरण्यास करारात बंदी नाही आणि वाटप झाल्यानंतर ग्राहक बदलला म्हणून ते काढून घेण्याचा अधिकार नोंदणी संस्थेला नाही, असा कंपनीचा युक्तिवाद होता. आफ्रिनिकने पत्ते परत घेण्याची नोटीस दिल्यानंतर प्रकरण मॉरिशसच्या न्यायालयात गेले. जुलै २०२१मध्ये नुकसानभरपाईच्या दाव्यात आफ्रिनिकची बँक खाती गोठवण्याचा आदेश झाला. दाव्यातील रक्कम ५ कोटी डॉलर होती. त्या वर्षाच्या उत्तरार्धात खाती पुन्हा खुली झाली. तथापि दाव्यांची मालिका थांबली नाही. या काळात इतर क्षेत्रीय संस्थांनी आफ्रिनिकला आर्थिक साहाय्य देण्याची तयारी दर्शवली.

मंडळाविना काळ

२०२२पर्यंत वाद पत्त्यांपुरता न राहता मंडळाच्या रचनेपर्यंत पोहोचला. काही संचालकांच्या मुदती संपल्या, तर निवडणुकीला न्यायालयीन मनाई हुकमांचा अडथळा आला. परिणामी सभेसाठी आवश्यक तेवढे संचालक उरले नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा कार्यकाळही संपला. नवा अधिकारी मंडळाने नेमायचा आणि मंडळ निवडणुकीतून यायचे. पण निवडणूक बोलावण्यास सक्षम मंडळच अस्तित्वात नव्हते. टप्प्याटप्प्याने जागा भरण्याची जी योजना सातत्य राखण्यासाठी केली होती, तीच येथे अडचणीची ठरली. दरवर्षी काही जागा रिकाम्या होत गेल्या आणि निवडणूक थांबल्याने त्या भरल्या गेल्या नाहीत.

कर्मचाऱ्यांनी दैनंदिन यंत्रणा चालू ठेवली. त्यामुळे अस्तित्वात असलेल्या नोंदी आणि सेवा सामान्यतः अबाधित राहिल्या. परंतु नव्या धोरणांना संमती, दीर्घ मुदतीचे आर्थिक निर्णय आणि नव्या सदस्यांची कामे रखडली. आफ्रिकेतील नव्या पुरवठादारांना याचा प्रत्यक्ष फटका बसला. इतर खंडांतील बहुतेक साठा आधीच संपला असताना आपल्याच खंडाच्या वाट्याचे पत्ते मिळण्यास विलंब होत असल्याची त्यांची तक्रार होती.

सप्टेंबर २०२३मध्ये मॉरिशसच्या सर्वोच्च न्यायालयाने संस्थेवर रिसीव्हर नेमला. संस्थेची मालमत्ता व कामकाज सांभाळणे आणि निवडणूक घेऊन मंडळ पुनर्स्थापित करणे, ही कामे त्याच्याकडे सोपवण्यात आली. या नेमणुकीलाही आव्हान दिले गेल्याने निवडणूक लांबली. फेब्रुवारी २०२५मध्ये दुसऱ्या रिसीव्हरची नियुक्ती झाली.

२०२५च्या निवडणुका

नव्या रिसीव्हरने आठही जागांसाठी निवडणूक जाहीर केली. जून २०२५मध्ये इंटरनेटवरील मतदान आणि २३ जून रोजी मॉरिशसमध्ये प्रत्यक्ष मतदान अशी व्यवस्था होती. सदस्य संस्थांच्या वतीने मत देण्यासाठी सादर झालेल्या मुखत्यारपत्रांच्या सत्यतेबद्दल त्या वेळी तक्रार झाली. मतदान पूर्ण होण्यापूर्वीच थांबवण्यात आले आणि त्यानंतर ती निवडणूक रद्द ठरवण्यात आली. आयकॅनने प्रक्रियेच्या पारदर्शकतेविषयी पत्रे लिहून चिंता व्यक्त केली. आफ्रिनिकच्या मान्यतेचा फेरविचार करावा लागू शकतो, असा इशाराही तिने दिला.

जुलै महिन्यात क्लाउड इनोव्हेशनने आफ्रिनिक अवसायनात काढण्याची मागणी केली. संस्था सुधारण्यापलीकडे गेली असून तिचे काम दुसऱ्या व्यवस्थेकडे सोपवावे, असे कंपनीचे म्हणणे होते. याउलट खंडाची स्वतःची नोंदणी संस्था टिकलीच पाहिजे, असे मत आफ्रिकेतील अनेक सेवा पुरवठादारांच्या संघटनांनी आणि तंत्रज्ञांनी मांडले. त्याच सुमारास मॉरिशस सरकारनेही कंपनी कायद्याखाली संस्थेच्या कारभारात लक्ष घातले. एखाद्या सरकारने नोंदणी संस्थेच्या कारभारात हस्तक्षेप करणे योग्य की अयोग्य, यावरही दोन्ही बाजूंनी चर्चा झाली.

फेरनिवडणुकीचे मतदान १० ते १२ सप्टेंबर २०२५ या काळात इंटरनेटवरून घेण्यात आले. तिच्यातून आठही निर्वाचित जागा भरल्या गेल्या. नव्या मंडळापुढे प्रलंबित दावे, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची निवड, रखडलेल्या धोरणांची संमती आणि सदस्यांचा विश्वास पुन्हा मिळवणे ही कामे होती.

इतर क्षेत्रीय संस्थांशी तुलना

पाचही संस्थांची मंडळे सदस्यांनी निवडलेली असतात. मात्र तपशिलात भेद आहेत. एपनिकमध्ये सदस्याची मते त्याच्या श्रेणीनुसार कमी-अधिक असतात. मोठ्या प्रमाणावर पत्ते धारण करणाऱ्या सदस्याला तेथे जास्त मते मिळतात. आफ्रिनिकप्रमाणे भौगोलिक उपप्रदेशांसाठी राखीव जागांची पद्धत एपनिकच्या कार्यकारी परिषदेत नाही. त्या परिषदेवर ७ निर्वाचित सदस्य असून त्यांची मुदत २ वर्षांची असते.

भारत एपनिकच्या क्षेत्रात येतो. देशांतर्गत वाटपाचे काम निक्सी या संस्थेच्या अखत्यारीतील इरिन ही राष्ट्रीय नोंदणी यंत्रणा पाहते. तिचे नाव उच्चारात उत्तर अमेरिकेच्या एरिन या संस्थेसारखे भासते. पण दोन्ही वेगळ्या आहेत. नेपाळमधील अभियंते गौरवराज उपाध्याय यांनी अनेक वर्षे एपनिकच्या कार्यकारी परिषदेचे अध्यक्षपद सांभाळले.

२०२३मध्ये एपनिकच्या निवडणुकीतही वाद झाला. संस्थेचे कर्मचारी असल्याचे भासवून सदस्यांना दूरध्वनी केले जात असल्याबद्दल संस्थेने सदस्यांना सावध केले होते. त्यानंतर त्याच वर्षी सदस्यांनी मतदानाने उपविधी बदलून उमेदवारांच्या पात्रतेचे नियम अधिक कडक केले. पत्त्यांची किंमत वाढल्यावर मंडळातील जागांची चुरसही वाढते, हे या घटनेने आफ्रिकेबाहेरही दाखवून दिले.

परिणाम

क्षेत्रीय नोंदणी संस्थेला मान्यता देण्याचे निकष २००१मध्ये आयसीपी-२ या दस्तऐवजात निश्चित झाले. नवी संस्था कशी स्थापन व्हावी, याचे मार्गदर्शन त्यात होते. परंतु मान्यता मिळालेली संस्था पुढे डळमळीत झाली तर काय करावे, याची स्पष्ट तरतूद नव्हती. त्या काळी असा प्रसंग कोणाच्या नजरेसमोर नसावा. आफ्रिनिकच्या अनुभवानंतर या निकषांची जागा घेणारा नवा दस्तऐवज तयार करण्याचे काम हाती घेण्यात आले. संस्थेची नियमित तपासणी, संकटकाळी दुसऱ्या संस्थेने तात्पुरती जबाबदारी घेणे आणि अखेरचा उपाय म्हणून मान्यता काढून घेणे, या बाबींचा त्यात विचार करण्यात आला.

आफ्रिनिकच्या पेचाची कारणे कोणी पत्त्यांच्या व्यापारात, कोणी संस्थेच्या जुन्या अंतर्गत दोषांत, तर कोणी मॉरिशसच्या कायदेशीर चौकटीत शोधली आहेत. या सर्व स्पष्टीकरणांत एक धागा समान आहे. तांत्रिक यंत्रणा शाबूत असताना संस्था अडली ती रिकाम्या खुर्च्यांमुळे. मंडळावरील एक जागा भरणे हा पूर्वी वार्षिक सभेतील एक औपचारिक विषय मानला जाई. २०२२नंतर तीच गोष्ट खंडाच्या इंटरनेट स्वायत्ततेची कसोटी ठरली.

हेही पाहा

• क्षेत्रीय इंटरनेट नोंदणी संस्था
• आयपीव्ही४ पत्त्यांची टंचाई
• आयपीव्ही६
• आयकॅन
• एपनिक
• मॉरिशस